डोक्याला मार लागून दीड वर्ष झालं, बहिणीची पाळी परत आली नाही

खाडीपलीकडची | ३ सप्टेंबर, रात्री ११:१०

मी इथे वाचायला येते, लिहिते क्वचित. आज लिहिते आहे कारण घरात हे कुणाशी बोलावं ते कळत नाही.

माझी धाकटी बहीण एका निमलष्करी दलात आहे. दलाचं नाव मुद्दाम देत नाही. वय ३१, लग्न व्हायचं आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नक्षलग्रस्त भागात रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावरून त्यांची गाडी गेली. हेल्मेट होतं म्हणून वाचली. वीसेक मिनिटं बेशुद्ध होती. सीटी स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव दिसला, ऑपरेशन लागलं नाही. तीन आठवड्यांनी डिस्चार्ज मिळाला. कागदावर लिहिलं होतं, ‘प्रकृती स्थिर’.

यंदा गणपतीच्या आधी आईने नेहमीप्रमाणे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्या. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, नैवेद्य घरातल्या बायकांच्याच हातचा, म्हणून दर वर्षी हा गोळ्यांचा हिशेब असतो. बहिणीच्या हातात पाकीट दिलं तर ती म्हणाली, “मला नको. मला येतच नाही.” आईला वाटलं या महिन्यात उशीर झालाय. मग तिने सांगितलं की मार लागल्यापासून एकदाही आपणहून आलेली नाही.

मध्ये एका दवाखान्यात महिन्याला २१ अशा गोळ्या दिल्या होत्या. तीन महिने पाळी आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मार्चमध्ये गोळ्या संपल्या तशी पाळीही थांबली. थायरॉइड तपासलं, नॉर्मल आलं. सोनोग्राफी नॉर्मल. “टेन्शन घेऊ नका, लग्न झालं की सगळं रुळावर येईल,” असं सांगून पाठवलं.

पण मला तिचं बाकीचंही बरं दिसत नाही. ही पहाटे चारला उठून धावणारी मुलगी. आता सकाळी दहापर्यंत उठवत नाही. श्रावणातसुद्धा तिला थंडी वाजते, गोधडी घेऊन बसते. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. जेवण नको म्हणते, गेल्या आठवड्यात तीनदा उलटी झाली. काखेतले केस गळाले असं तिने मला फार संकोचून सांगितलं. गावात म्हणतात मनाला लागलंय. आईने देवाला गाऱ्हाणं घातलं. मी स्वतः आईबरोबर देवळात उभी होते, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एवढ्यावर थांबायचं का, हे मला विचारायचं आहे.

डोक्याला लागलेल्या माराचा आणि पाळीचा काही संबंध असतो का?

---

आबोली_वळेसार | ३ सप्टेंबर, रात्री ११:४२

गो बाय, वाचून जीव कासावीस झालो. माका वैद्यकीतला काय कळणा नाय, पण एक सांगतंय. आमच्या वाडीत एका बाईक बाळंतपणात खूप रगत गेला. झील वाचलो, ती पण वाचली, पण तिका दूध इलाच नाय. पाळी परत कधी इली नाय. सदाची थकलेली, सदाची गारठलेली. लोक म्हणत बाहेरचा लागला. पंधरा वर्सांनी मुंबयच्या डॉक्टरान सांगल्यान की डोक्यातली एक ग्रंथी सुकली. तुझ्या भयणीचा वाचून माका तीच आठवली. उशीर करू नको.

---

दवाखाना_वाडी | ४ सप्टेंबर, सकाळी ६:२०

खाडीपलीकडची ताई, मी फिजिशियन आहे, बावीस वर्षं कोकणातच प्रॅक्टिस करतो. नीट वाचा, आणि आधी शेवटचं वाक्य वाचा म्हणून ते पहिल्यांदा लिहितो: बहिणीला आज किंवा उद्या रक्त तपासायला न्या. पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

आता कारण. संबंध असतो, आणि तो फार जवळचा आहे. पाळीचा हुकूम गर्भाशयातून सुटत नाही, मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, त्याच्याखाली एका बारीक देठाला पिट्युटरी लटकते, शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका ग्रंथी. वाटाण्याएवढी, जेमतेम अर्धा ग्रॅम. काजूच्या बोंडाखाली बी कशी लोंबते ते तुम्ही रोज पाहता, तसंच समजा. जोराचा हिसका बसला तर बोंड शाबूत राहील, पण देठाला काय झालं ते वरून दिसत नाही. त्या देठातूनच ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा जातात. स्फोटाच्या दाबाने किंवा डोकं झटक्याने हलल्याने त्या ताणल्या, तुटल्या किंवा मेंदूला सूज येऊन दाबल्या गेल्या की ग्रंथीचा काही भाग मरतो. डिस्चार्जच्या वेळी सीटी स्कॅनमध्ये हे दिसेलच असं नाही.

हायपोथॅलॅमस साधारण तास-दीड तासाने एक ठोका सोडतो, त्यावर पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोनं रक्तात टाकते, त्यावर बीजकोश काम करतात. ठोका थांबला की खालचं सगळं थांबतं. बीजकोशाला काहीही झालेलं नसतं. त्याला हुकूमच पोचत नाही.

आबोलीताईंनी सांगितलेली बाई बहुधा याच आजाराची, फक्त कारण वेगळं: बाळंतपणातला रक्तस्राव. त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात, १९३७ पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे. आणि आपल्याकडे तिसरंही एक कारण आहे. घोणस चावून वाचलेल्या माणसांत कधी कधी हीच ग्रंथी निकामी होते. कोकणातल्या डॉक्टरला घोणशीमुळे तरी हा आजार ओळखीचा असायला हवा. म्हणून तुमच्या बहिणीला दीड वर्षात कुणी हा एक प्रश्न विचारला नाही याचं मला वाईट वाटतं.

घाई कशासाठी? पाळीसाठी नाही. तीच पिट्युटरी किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल, म्हणजे अंगाला ताण झेलायला लागणारं हार्मोन, बनवायला सांगते. उलटी, अंधारी, भूक नसणं, उठवत नाही, हे सगळं कॉर्टिसॉल कमी पडल्याचं असू शकतं. अशा माणसाला साधा ताप किंवा जुलाब झाला तरी रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

सकाळी आठच्या सुमाराला रक्त द्या. कॉर्टिसॉल, सोडियम, फ्री टी-फोर आणि टीएसएच दोन्ही, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडायॉल, प्रोलॅक्टिन, आयजीएफ-वन. थायरॉइड “नॉर्मल” म्हणजे फक्त टीएसएच, म्हणजे पिट्युटरीचा थायरॉइडला हुकूम, पाहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पिट्युटरीच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि टी-फोर, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, खाली असतं. आईने आणलेल्या गोळ्या देऊ नका, त्याने एलएच-एफएसएचचे आकडे बिघडतात. पाळीच्या त्या २१ गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसतं, पण त्या मार्चमध्ये थांबल्या हे बरंच झालं.

गर्भचाचणीही करतील. पाळी थांबलेल्या कुठल्याही बाईची ती पहिल्यांदा करायची असते. त्यात अपमान मानू नका, आईलाही आधी सांगून ठेवा.

---

खाडीपलीकडची | ४ सप्टेंबर, सकाळी ७:०५

डॉक्टर, उद्या सकाळी कुडाळला नेते. आजचं आठ वाजेपर्यंत पोचणं होणार नाही. तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. काजूच्या बोंडाचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हणजे मी खोटं दुखणं काढत नाही.” दीड वर्ष ती हे मनात धरून बसली होती हे मला आज कळलं.

---

देवगडकर_बापू | ४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

बाईमाणसाच्या अशा गोष्टी चारचौघांत लिहाव्यात का, असं मला वाटतं. मुलीचं लग्न व्हायचं आहे. शिवाय हार्मोनच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. शतावरी, अशोकारिष्ट सुरू करा, आणि विश्रांती द्या. पूर्वी कुणाला असले आजार होत नव्हते.

---

मेजर_सिस्टर | ४ सप्टेंबर, दुपारी १:१५

बापू, मी मिलिटरी नर्सिंग सेवेतून निवृत्त झाले, आता रत्नागिरीत असते. तुमच्या काळजीबद्दल शंका नाही, पण पूर्वी हे आजार होत होते. ती माणसं निदान न होता जात होती. आबोलीताईंच्या वाडीतली बाई पंधरा वर्षं “बाहेरचं लागलं” म्हणून जगली. कॉर्टिसॉल कमी असलेल्या मुलीला काढा देऊन विश्रांतीला सांगणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला पोहण्याचं पुस्तक देणं. ज्या हार्मोनच्या गोळ्या सुटत नाहीत, त्या शरीर बनवायचं थांबलेल्या वस्तूची भरपाई असतात. मिठाशिवाय जेवण होत नाही म्हणून मिठाचं व्यसन आहे असं आपण म्हणत नाही.

आणि चारचौघांत लिहिण्याबद्दल. मी वॉर्डात पुरुष जवान पाहिले, डोक्याला मार लागलेले. पुढे बायकोने तक्रार केली, दाढी वाढेना, अशक्तपणा आला, तर कुणीतरी टेस्टोस्टेरॉन तपासायचं. पुरुषाचं पुरुषत्व हा तातडीचा प्रश्न ठरायचा. बाईची पाळी थांबली तर तिला टेन्शन असतं, किंवा तिचं लग्न व्हायचं असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याची मला अजून चीड आहे.

संशोधनाचंही तेच. मेंदूला मार लागून बराच काळ झालेल्या माणसांवरचे अभ्यास २००७ मध्ये जामा या नियतकालिकात एकत्र मांडले गेले, त्यात २७ टक्क्यांच्या आसपास लोकांत पिट्युटरीचं काही ना काही कमी पडलेलं निघालं. खास स्फोटाचा मार बसलेल्यांवर २०१२ मध्ये अमेरिकेत २६ माजी सैनिकांचा अभ्यास झाला, ११ जणांचे हार्मोन बिघडलेले होते. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १९ सैनिक तपासले, ६ जणांत दोष सापडला. छोटे अभ्यास आहेत, पण या शेवटच्या दोन्ही अभ्यासांतले सगळे पुरुष. ज्यांच्या शरीरात हा बिघाड दर महिन्याला तारखेसकट दिसतो, त्यांना या दोन्हींत कुणी मोजलंच नाही.

आपल्या देशात बायका बंदूक घेऊन उभ्या आहेत त्या काही कालपासून नाहीत. सीआरपीएफची ८८ क्रमांकाची महिला बटालियन १९८६ ची. २०२१ मध्ये लष्करी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली, ८३ जणी होत्या. २०२२ पासून एनडीएत, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली आहेत. डोक्याला मार लागलेल्या स्त्रीला “शेवटची पाळी कधी आली” हे विचारायला काही खर्च येत नाही. तो प्रश्न न्यूरोच्या तपासणीच्या कागदावर छापलेला हवा.

---

शिडाची_होडी | ४ सप्टेंबर, रात्री ९:५०

मी दापोलीकडची, अकरा वर्षं सशस्त्र दलात काढली. एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून सांगते. फील्डवर आम्ही कित्येक जणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायचो. जंगलात चार-चार दिवस चालायचं, बरोबर सगळे पुरुष, आडोसा नाही, पॅड टाकायला जागा नाही. त्यामुळे पाळी न येणं ही आमच्यात बातमीच नव्हती. उलट, नाही आली तर बरंच. कुणाची मार लागून थांबली आणि कुणाची गोळ्यांनी, हे वेगळं काढायला तारीख लिहून ठेवावी लागते, आणि ती कुणी लिहीत नाही. आता ज्या मुली भरती होतायत त्यांनी हे वाचलं तर: फोनमध्ये, वहीत, कुठेही, तारीख लिहा. मार लागला तर तीच तुमची साक्ष.

दुसरं, माझं स्वतःचं. मला डोक्यात मार लागल्यावर फिट्स सुरू झाल्या, त्यावर सोडियम व्हॅल्प्रोएट दिलं. चार वर्षं घेतलं. लग्न ठरल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, मूल हवंय का? तेव्हा कळलं की त्या गोळीवर गर्भ राहिला तर बाळाच्या मणक्यात दोष येऊ शकतो, बुद्धीवरही परिणाम होतो. मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हळूहळू गोळी बदलून दिली, फोलिक ॲसिड सुरू केलं. माझी मुलगी आता दुसरीत आहे. ताई, बहिणीला फिट्सची गोळी चालू आहे का ते बघा.

---

दवाखाना_वाडी | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

होडीताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. दोन गोष्टी जोडतो. कुणीही हे वाचून व्हॅल्प्रोएट आपणहून बंद करू नये, एकदम बंद केलं तर फिट्स अंगावर येतात. डॉक्टरांकडून बदलून घ्यावं, लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन गर्भारपणात बरीच सुरक्षित मानली जातात. आणि फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन या फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर गर्भनिरोधक गोळ्या नीट लागू पडत नाहीत, हे नवरा-बायको दोघांनी लक्षात ठेवायचं.

---

सावंतवाडी_एक | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

प्रोजेस्टेरॉन मेंदूची जखम भरून काढतं असं मी वाचलं होतं. मग पाळीच्या त्या गोळ्यांनी डबल फायदा नाही का?

---

दवाखाना_वाडी | ५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

आशा तशी होती. प्राण्यांवरचे प्रयोग चांगले आले होते. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, मार लागल्याबरोबर प्रोजेस्टेरॉन देऊनही रुग्णांना फायदा दिसला नाही. तो विषय तिथे संपला.

---

खाडीपलीकडची | ५ सप्टेंबर, रात्री ९:१५

रिपोर्ट आले. कॉर्टिसॉल सकाळी आठचं २.१. सोडियम १२८. टीएसएच नॉर्मल, पण फ्री टी-फोर कमी. एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडायॉल तिन्ही खाली. प्रोलॅक्टिन थोडं जास्त. आयजीएफ यायचं आहे. फिट्सची गोळी चालू नाही.

---

दवाखाना_वाडी | ५ सप्टेंबर, रात्री ९:२२

आत्ता निघा. सकाळची वाट बघू नका. जवळ दाखल करता येत नसेल तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला न्या. डिस्चार्जचा जुना कागद आणि हे रिपोर्ट दोन्ही बरोबर घ्या. “डोक्याला मार, पिट्युटरी, कॉर्टिसॉल २.१” हे शब्द केसपेपर काढतानाच सांगा. आणि कुणी टी-फोर कमी बघून आधी थायरॉइडची गोळी द्यायला निघालं तर थांबवा. आधी स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉइड. उलटं केलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपतं.

---

आबोली_वळेसार | ५ सप्टेंबर, रात्री ९:३१

आमचो पोरगो बांद्याक असता. गाडी होयी तर सांग. लगेच पाठवतंय.

---

खाडीपलीकडची | १२ सप्टेंबर, दुपारी ४:००

आबोलीताई, तुमच्या मुलाने रात्री साडेदहाला दाराशी गाडी आणली, भर पावसात. दीड तासात बांबोळी. हे मी विसरणार नाही.

हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः चहा मागितला, आणि बरोबर काही खायला. पाचव्या दिवशी घरी आलो, आता गोळ्या आहेत. काल उठले तर ही स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळ खवत होती. आई दारात उभी राहून नुसती बघत होती, आत आली नाही. थायरॉइडची गोळी पुढच्या आठवड्यात सुरू होईल. एमआरआयमध्ये ग्रंथी बारीक झालेली आणि देठ पातळ झालेला दिसला. हाडांची घनता तपासली, दीड वर्ष इस्ट्रोजेन नसल्याने कण्याचं हाड थोडं विरळ झालंय.

आता दोन प्रश्न. एक तिचा: मूल होईल का? दुसरा माझा: हे तिच्या सर्व्हिसच्या कागदात कसं चढवायचं?

---

नांगर_टाकलेला | १२ सप्टेंबर, रात्री ८:२०

पहिल्याचं उत्तर मी देतो, कारण ते आमच्या घरात रांगतंय. माझी बायको सैन्यात अधिकारी. ताफ्यावर हल्ला झाला तेव्हा तिच्या डोक्याला मार लागला, तीन वर्षांनी निदान झालं. मी जहाजावर असतो, तिचं निम्मं दुखणं मी फोनवर ऐकलं.

आम्हाला आधी एका ठिकाणी एएमएच ही बीजांचा साठा मोजणारी चाचणी करून “अंडी संपत आली” असं सांगितलं होतं. त्या रात्री ती एक शब्द बोलली नाही. नंतर मुंबईतल्या हार्मोनच्या डॉक्टरांनी समजावलं की मेंदूकडून हुकूमच येत नसेल तेव्हा एएमएचही खाली दिसू शकतं, त्यावरून साठा संपला असं म्हणता येत नाही. बीज पिकवायच्या नेहमीच्या क्लोमिफेनच्या गोळ्या अशांना बहुधा लागू पडत नाहीत, कारण त्या पिट्युटरीलाच काम सांगतात आणि तीच आजारी असते. एफएसएच आणि एलएच दोन्ही असलेली इंजेक्शनं द्यावी लागतात, दर थोड्या दिवसांनी सोनोग्राफी करून. खर्च आहे, धावपळ आहे. आमचं तिसऱ्या खेपेला जमलं. गर्भारपणात थायरॉइडचा डोस वाढवला, बाळंतपणाच्या वेळी स्टेरॉइड इंजेक्शनातून वाढवून दिलं, हे भूलतज्ज्ञाला आधीच लिहून दिलेलं होतं. मुलगा नऊ महिन्यांचा आहे.

बापूंना एक सांगावंसं वाटतं. ज्याला हे कळल्यावर लग्नाला नाही म्हणायचं असेल त्याने म्हणावं. पण ते आधी कळू दे. लपवून केलेल्या लग्नात मुलीच्या गोळ्याही लपतात, आणि ही गोळी चुकली की जीव धोक्यात येतो.

---

देवगडकर_बापू | १२ सप्टेंबर, रात्री ९:४५

मी जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या सुनेची पाळी दोन वर्षांपासून बंद आहे, बाळंतपणानंतर. आम्ही काढा देत होतो. डॉक्टर, तिलाही हेच रिपोर्ट करू का?

---

दवाखाना_वाडी | १२ सप्टेंबर, रात्री ९:५८

हो बापू. बाळंतपणात रक्त किती गेलं आणि दूध आलं होतं का, ते तिला स्वतःला विचारा, किंवा घरातल्या बाईला विचारायला सांगा. सकाळी आठला रक्त. मला खासगीत रिपोर्ट पाठवा.

---

सुभेदार_आंबोली | १३ सप्टेंबर, सकाळी ६:४५

जय हिंद. आमच्या आंबोलीत घरटी एक तरी फौजी. कागदांच्या कामात मी बऱ्याच जणांबरोबर फिरलो आहे, म्हणून लिहितो.

पहिलं समजून घ्या, सैन्य आणि निमलष्करी दल यांचे नियम वेगळे. सैन्यातल्या मुलीला अपंगत्व पेन्शन, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, आणि दाद मागायला सशस्त्र सेना न्यायाधिकरण. निमलष्करी दलांना केंद्रीय कर्मचाऱ्यांचे असाधारण पेन्शनचे नियम लागू होतात, ईसीएचएस नाही, उपचाराला आयुष्मान सीएपीएफ कार्ड चालतं. लोक एकाचा अर्ज दुसऱ्या खिडकीवर घेऊन जातात आणि वर्ष वाया घालवतात.

दोन्हीकडे एकच गोष्ट सिद्ध करायची असते: आजार सेवेमुळे झाला. तुमच्या बहिणीच्या बाबतीत अडचण अशी की डोक्याच्या फाइलीत पाळीचा कागद नाही आणि पाळीच्या फाइलीत डोक्याचा कागद नाही. दोन्ही फाइली एकत्र आणणारा एक कागद लागतो. हार्मोनच्या डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: अमुक तारखेचा स्फोट, त्यातून मेंदूला मार, त्यातून पिट्युटरीचा बिघाड, त्यातून पाळी बंद आणि कॉर्टिसॉल कमी. “अमेनोरिया”, म्हणजे पाळी बंद, एवढंच लिहिलं तर मेडिकल बोर्डापुढे तो बायकांचा साधा आजार ठरतो. स्फोटाचा मूळ इंज्युरी रिपोर्ट, पहिल्या हॉस्पिटलचा डिस्चार्ज, एमआरआयची सीडी, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. युनिटला अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावती सांभाळा. पुन्हा मेडिकल बोर्ड बसवण्याची विनंती त्यातच करा. आणि तिला सांगा, बोर्डापुढे लाजायचं नाही. गोळी लागलेला जवान जखम दाखवायला लाजत नाही.

---

मेजर_सिस्टर | १३ सप्टेंबर, सकाळी १०:०५

सुभेदारसाहेब, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला सॅल्यूट.

ताई, घरासाठी: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, सिरिंज आणि पाणी घरात ठेवा, आणि तुम्ही इंजेक्शन द्यायला शिका. ताप आला तर गोळी किती वाढवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात राहात नसेल तर इंजेक्शन, आणि मग दवाखाना. पावसात खाडीला उधाण आलं, रस्ता बंद झाला की तुमच्याकडे रुग्णवाहिका कधी पोचेल याचा भरवसा नाही. तिच्या पाकिटात मराठी आणि हिंदीत चिठ्ठी असू दे: “मला स्टेरॉइडची गरज आहे, बंद करू नये.” ड्युटीवर परत गेली तर सेक्शनमधल्या दोघींना तरी हे माहीत हवं.

---

खाडीपलीकडची_धाकटी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नमस्कार. मी ती बहीण. ताईने हा धागा पहिल्या दिवशी मला वाचून दाखवला होता, बाकीचा मी स्वतः वाचला. दोनदा वाचला.

माझं वजन दोन किलो वाढलं. सकाळी साडेपाचला जाग येते. अजून धावत नाही, चालते, किनाऱ्याने दीपगृहाच्या बाजूला जाऊन परत. इस्ट्रोजेनचे पॅच सुरू झालेत, हाडांसाठी. मूल हवं की नको ते मी अजून ठरवलेलं नाही. ताईने तो प्रश्न माझा म्हणून लिहिला, तो तिचाही होता. पण ठरवायचं माझ्या हातात आहे, हे कळल्यावर मला शांत झोप लागली. बोर्डाची तारीख नोव्हेंबरातली आहे. मला कामावर परत जायचं आहे, आणि कागदावर जे झालं ते झालं म्हणून लिहिलेलं हवं आहे. दोन्ही.

लिहायचं कारण वेगळं. त्या गाडीत आम्ही तिघी होतो. परवा मी बाकीच्या दोघींना फोन केला. एकीला काही त्रास नाही, पाळी नियमित आहे. दुसरी आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली. मी सरळ विचारलं तर म्हणाली, नऊ महिने झाले. तिच्या सासरच्यांनी तिला दोन ठिकाणी दाखवलं, वांझपणाचे उपचार चालू आहेत. सुरुंगाची गोष्ट तिने एकाही डॉक्टरला सांगितली नाही, कारण कुणी विचारलं नाही. तिचं गाव मराठवाड्यात आहे. क्लोमिफेन चालू आहे म्हणाली, आणि खूप थकवा.

डॉक्टर, तिला मी नक्की काय सांगू?

---

दवाखाना_वाडी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४१

बेटा, उलट्या, चक्कर, अंधारी आहे का ते आत्ता फोन करून विचार. असेल तर उद्याच दवाखाना. नसेल तरी दोन-तीन दिवसांत सकाळी आठला रक्त, तुझ्याच चाचण्यांची यादी, आणि गर्भचाचणी. वांझपणाचे उपचार घेताना कुठल्या हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत त्यांची नावं तिच्याकडून लिहून घे, आकडे वाचताना लागतील. तिचा स्फोटाच्या वेळचा डिस्चार्ज कार्ड तिच्याकडे आहे का?

---

खाडीपलीकडची_धाकटी | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१२

फोन केला. उलट्या नाहीत, चक्कर कधी कधी. कार्ड ट्रंकेत आहे म्हणाली, सासूबाई झोपल्या की काढून फोटो पाठवते.